कुंदाताई आणि पहिली ओळ

कुंदाताईंना कुठलीही गोष्ट ‘अशीच’ झालेली चालत नसे. "असंच झालं हो," असं कुणी बोललं की त्या हातातलं काम बाजूला ठेवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "असंच म्हंजी कसं?" विचारण्यात राग नसायचा, टोमणा तर मुळीच नसायचा. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं, आणि तीच तर पंचाईत होती. रागावलेल्या माणसाला समजूत घालून गप्प करता येतं. ज्याला जाणून घ्यायचंय, त्याला काय करणार?

माठाचंच घ्या. ऑफिसात माणसं आम्ही चार. सकाळी काठोकाठ भरलेला माठ चारच्या सुमारास तळाला जायचा. प्रत्येकजण म्हणे मी दोनच पेले प्यालो. मी आपला झाडलोट करणाऱ्या सखूबाईंवर संशय घेऊन मोकळा झालो होतो. त्या बाटल्या भरून नेत असणार, दुसरं काय? कुंदाताईंनी माठाशेजारी एक वही टांगली आणि तीन दिवस प्रत्येक पेला लिहायला लावला, सखूबाईंचाही. रोजची बेरीज केली तर माठात मावणाऱ्या पाण्यापेक्षा अडीच पेले कमीच. मी म्हटलं, "बघा, कोणीतरी खोटं लिहितंय." त्यांनी माठाच्या पोटावरून हात फिरवला आणि ओला तळवा माझ्यासमोर धरला.

"ह्ये पितंय शेठ. माठ सोता पितो. गार पाणी पायजे तर त्याचा वाटा त्याला द्यावा लागंल."

मी सखूबाईंकडे आठवडाभर नजर वर करून पाहिलं नाही.

आमचं ऑफिस म्हणजे मंचरला चुलत्यांच्या कांद्या-बटाट्याच्या आडतीचा वरचा मजला. खाली गोण्या, हमाल, लिलावाचा आरडाओरडा. वर आम्ही कॉम्प्युटरवाले. पणजोबा राजस्थानातून आले तेव्हापासून घरात हाच धंदा. आमचं मारवाडी आता लग्नातल्या गाण्यांपुरतं उरलंय, पण आडत आहे तशी आहे. मला मात्र कांद्याच्या धुरळ्यानं शिंका यायच्या, एका दमात अकरा-अकरा. गिऱ्हाईक बोली विसरून जायचं. शेवटी चुलते म्हणाले, "ह्याला वर बसवा." असा मी संगणकक्षेत्रात आलो. बाकीचे लोक आवड, ध्येय वगैरे सांगतात, माझं हे असं आहे.

कुंदाताई शिनोलीच्या. घोडेगावच्या पलीकडून रोज एसटीनं यायच्या. आल्या होत्या टायपिंगच्या कामासाठी. मुलाखतीला बसल्या आणि मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "तुमचा यूपीएस सारखा चिर्र का करतोय?" मी म्हटलं, तो तसाच आहे. झालं. बाई उठल्या, भिंतीतल्या प्लगपासून वायरीवर बोट ठेवलं आणि बोट न उचलता टेबलाखालून, कपाटामागून, पार खालच्या मजल्याच्या जिन्यापर्यंत गेल्या. तिथं हमालांनी आमच्या वायरीवर वजनकाट्याचा दिवा जोडून घेतला होता. टायपिंगचं विचारायचं राहूनच गेलं. पुढच्या सोमवारपासून त्या सगळी मशीनं बघायला लागल्या.

हे वायरीवर बोट ठेवून चालणं त्यांनी वडिलांकडून घेतलं होतं. वडील डिंभ्याच्या कालव्यावर पाटकरी. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात किती तास जायचं, ते ठरवून सोडणारा माणूस म्हणजे पाटकरी. नव्वदच्या दशकात पाणी नवं-नवं आलं तेव्हा रोज भांडणं. वरच्या शेतकऱ्याची पाळी सहाला सुरू झाली असं कागदावर असायचं, पण कोरडा पाट पाणी पीत-पीत जायचा आणि शेताच्या तोंडाशी पाणी पोचायला पाऊण तास लागायचा. तो पाऊण तास कुणाच्या पाळीतला? ज्याचा पहिला नंबर, तो बोंबलायचा. मग कुंदाताईंच्या वडिलांनी एक पद्धत काढली. पाणी सुटलं की पाण्याच्या तोंडाबरोबर ते स्वतः पाटाच्या कडेनं चालत निघायचे, हातात घड्याळ. पाणी पहिल्या शेताला टेकलं की पाळी सुरू. तोवरचा वेळ ‘पाटाचा’ म्हणून वेगळा लिहायचे आणि तो सगळ्यांच्या पाळीतून थोडा-थोडा कापायचे. लहानपणी सुट्टीत कुंदाताईही त्यांच्याबरोबर चालायच्या.

"दादा म्हनायचे," त्या चहा पिताना सांगत, "पानी चोरलं कोनी ते आधी हुडकायचं न्हाई. पानी कुठं मुरतंय ते आधी हुडकायचं. निम्म्या येळेला चोर नसतोच."

मला तेव्हा हे ऐकायला छान वाटलं होतं. नुसतं ऐकायला.

आता आमच्या धंद्याचं थोडं सांगतो, घाबरू नका. तालुक्यातल्या लोकांना वेबसाइट हव्या होत्या, पण प्रत्येकासाठी वेगळं मशीन कोण घेणार? म्हणून आम्ही एकच दांडगं मशीन घेतलं आणि त्यात बारा खोल्या पाडल्या. ह्या खोल्यांना कंटेनर म्हणायचे. प्रत्येक भाडेकरूला वाटावं की अख्खं मशीन आपलंच. शेजारी कोण राहतो ते दिसायचंसुद्धा नाही. पण ह्या बाराही खोल्यांचा कारभारी एकच. त्याला म्हणायचं कर्नल. कुणाला फाइल उघडून दे, कुणाचा फोन जोडून दे, कुणाचा नवा प्रोग्राम सुरू करून दे, ही सगळी कामं त्याची. आणि असं प्रत्येक काम करताना तो आपल्याजवळ एक टिपण ठेवतो. त्या टिपणांनाही मेमरी लागते, ती कर्नलची मेमरी. भाडेकरू स्वतः किती मेमरी खातो ते लगेच दिसतं. त्याच्यासाठी कारभाऱ्यानं किती टिपणं धरून ठेवलीत, ते सहसा कुणी बघत नाही.

बारा भाडेकरूंत दोन सांगण्यासारखे. एक पेठ गावचे अण्णा. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, वधू-वर सूचक मंडळ चालवायचे. तालुक्यातलं लग्नाचं एकूण एक पोरगं-पोरगी त्यांच्याकडं फोटोसकट. त्यांची खोली सगळ्यांत जाड. उभा फोटो, बसलेला फोटो, साडीतला, ड्रेसमधला, पोरगं मोटारसायकलला टेकलेलं. दुसरी खोली सगळ्यांत बारीक: रक्तदात्यांची यादी. ती कुंदाताईंनी स्वतः लिहिलेली, आम्ही फुकट चालवायचो. आमचा रस्ता पुणे-नाशिक. दिवसाआड कुणीतरी आडवं पडायचंच. दवाखान्यातून रक्तगट टाकून मेसेज आला की मशीनला जोडलेला मोबाइल त्या गटाच्या सगळ्या माणसांना मेसेज पाठवायचा आणि ‘येतो’ किंवा ‘येत नाही’ ह्या उत्तराची वाट बघायचा. त्या यादीवर कुंदाताईंचा भारी जीव. कुणी रक्त देऊन आलं की त्या दिवशी आम्हाला त्यांच्याकडून भजी.

आणि मग मशीन बसायला लागलं. आठ-दहा दिवस नीट चालायचं आणि मग भर दुपारी गप्प. बाराच्या बारा खोल्या एकदम बंद, फोनवर फोन, शिव्याच शिव्या. बंद करून चालू केलं की पुन्हा आठ दिवस ठीक. गंमत म्हणजे मेमरी बघावी तर निम्मी रिकामी! पोट रिकामं आणि माणूस अजीर्णानं मेला, असा प्रकार.

तिसऱ्यांदा बसलं तेव्हा माझं डोकं फिरलं. सगळ्यांत जाड कोण? अण्णा. मी फोन उचलला.

"अण्णा, तुमच्या फोटोंनी मशीन बसतंय. चार दिवसांत जागा खाली करा."

"आसं कसं वो शेठ? लगीनसराई तोंडावर आलीया. फोटो कमी करतो की."

"काही कमी-बिमी नको. दुसरीकडं बघा."

मग अण्णा म्हणाले, "पंचवीस वरीस यष्टीत काडली शेठ. तिकीट काडल्यालं पाशिंजर मधीच कदी उतरावलं न्हाई म्या." आणि फोन ठेवला.

कुंदाताई समोरच होत्या. म्हणाल्या, "पुरावा काय?"

"सगळ्यांत जास्त मेमरी तेच खातात. आकडे बघा की."

"खातात ती त्यांच्या हद्दीत खातात. हद्द तर वलांडली न्हाई."

"मग तुम्ही शोधा!" मी ओरडलो. मला उत्तर सुचलं नाही की मी ओरडतो, घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

अण्णा गेले. नवव्या दिवशी मशीन पुन्हा बसलं. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार, कारण कुंदाताईंनी बघितलंच नाही.

त्यांनी वही काढली. प्रत्येक खोलीचा एक तक्ता असतो. पहिलीच ओळ कर्नलच्या मेमरीची: आता किती धरलीय, आजवर जास्तीत जास्त किती धरली, हद्द किती, आणि हद्दीमुळं किती वेळा नकार दिला. कुंदाताई तासातासाला उठायच्या आणि उरलेल्या अकराही खोल्यांची ती पहिली ओळ हातानं वहीत उतरवायच्या. मी म्हटलं, अहो, मशीनच लिहून देईल की. म्हणाल्या, "हातानं लिवलं की आकडा वळकीचा व्हतो." चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी वही घेऊन माझ्यासमोर बसल्या. चेहरा असा उतरलेला की मला वाटलं घरी काही झालं.

"शेठ, माझंच हाय."

दहा खोल्यांची पहिली ओळ वर-खाली होत होती. अकराव्या खोलीची, रक्ताच्या यादीची, नुसती चढत होती. उतरणं नाहीच. झालं असं की यादीतली कितीतरी माणसं भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातली. तिथं मोबाइलला रेंज कसली? मेसेज जायचा, पोचायचा नाही, उत्तर यायचं नाही. आणि प्रत्येक माणसामागं एक छोटा प्रोग्राम वाट बघत बसून राहायचा. दिवस-दिवस, आठवडा-आठवडा. त्या प्रोग्रामची स्वतःची मेमरी चिमूटभर, म्हणून खोली बारीक दिसायची. पण त्या प्रत्येक वाट बघणाऱ्यासाठी कारभाऱ्याला टिपणं धरून ठेवावी लागायची. आणि त्या काळच्या मशीनमध्ये तुम्ही मेमरी कितीही कोंबा, कर्नलला टिपणांसाठी खालचाच एक तुकडा वापरता यायचा, एक जीबीहून कमी. तेवढा भरला की वर निम्मं मशीन रिकामं असलं तरी खेळ खलास.

"म्या लिवलं व्हतं, उत्तर येईस्तवर थांब," कुंदाताई म्हणाल्या. "कुनाचं तरी मानूस पडलेलं असतं, आपन कसं सोडायचं, आसं वाटलं. लिवायला लई चांगलं वाटतं हो."

मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पन शेठ, पैल्या वळीला हद्द असती तर यादीला नकार आला आसता, मशीन बसलं नसतं. बाकीच्या समद्या वळींना हद्द हाय. ह्याच वळीत नऊ-नऊ-नऊ भरल्यात. ही हद्द कुनी काडली?"

मी काढली होती. मशीन नवं असताना ती ओळ एका भाडेकरूला सारखा नकार देत होती, तो फोनवर माझं डोकं खात होता, आणि मी वैतागून बाराही खोल्यांच्या त्या ओळीत नऊचे आकडे ठोकून दिले होते. म्हणजे कितीही घे बाबा, पण मला फोन करू नको.

"पुण्याच्या माणसानं मशीन बसवलं ना," मी म्हटलं. "त्यानंच ठेवली असणार तशी."

कुंदाताईंनी माझ्याकडं बघितलं. "आसंल," म्हणाल्या, आणि उठून गेल्या. एखाद्या फाइलला शेवटचा हात कधी लागला ती तारीख मशीन जपून ठेवतं, आणि त्या तारखेच्या कितीतरी आधी पुण्याचा माणूस परत गेला होता, हे माझ्या त्या वेळी ध्यानातच आलं नाही. त्यांच्या आलं नसेल असं आता मी म्हणू शकत नाही.

त्याच दिवशी त्यांनी अकराही खोल्यांच्या पहिल्या ओळीला हद्द घातली. सरसकट सारखी. मी म्हटलं, यादीला जरा सैल ठेवा, धर्माचं काम आहे. नाही म्हणाल्या. यादीचा प्रोग्राम दुरुस्त करायला दोन दिवस हवे होते. कुणासाठी किती वेळ थांबायचं हेच त्यांचं ठरत नव्हतं. एका कागदावर ‘एक दिवस’ लिहिलेलं, खोडलेलं. ‘दोन तास’ लिहिलेलं, तेही खोडलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचे डबे उघडले होते. कुंदाताई सवयीनं तासाचे आकडे उतरवायला उठल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. यादीच्या ओळीत शेवटच्या रकान्यात शून्य असायचं. आता तिथं तीन होतं.

"नकार," त्या म्हणाल्या. "तीनदा कुनीतरी मागितलं, आन् आपन न्हाई म्हनलं."

तेवढ्यात फोन वाजलाच. गावातल्या एका दवाखान्यातून. बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची एक पिशवी नाही. माणूस आणलात तर घेतो म्हणतात. मेसेज करतोय तर तुमचं मशीन उत्तरच देईना!

कुंदाताईंनी यादीची खोली बंद करून पुन्हा चालू केली. वाट बघत बसलेले सगळे प्रोग्राम गेले, जागा झाली, मेसेज सुटले. ओ निगेटिव्ह एकूण चार. एकानं उत्तर दिलं, मुंबईला आहे. एकानं महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं. दोघं डोंगरातले, मेसेज गेले ते गेलेच. मी त्या दोन नावांकडं बघत राहिलो. कुंदाताईही. पाच मिनिटं, सात मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाचा इतका राग मला कधी आला नाही.

"बास," त्या एकदम म्हणाल्या. "हे न्हाई येत. दुसरीकडं बघू." आणि मग कपाळावर हात मारून घेतला. "अगं बया! शेठ, लग्नाच्या बायोडाटात काय-काय लिवत्यात?"

"काय? उंची, रंग, शिक्षण, गोत्र..."

"रक्तगट!"

खरंच की हो. पत्रिका, रास, नाडी, त्याच्याखाली रक्तगट. आमच्याकडं त्याशिवाय कागद पुरा होत नाही. आणि तालुक्यातले सगळे बायोडाटा कुणाकडं? ज्याला मी हाकलून दिलं त्याच्याकडं.

"तुमी लावता का मी लावू?" त्यांनी विचारलं. मी खाली बघितलं. त्यांनीच लावला.

अण्णांचा आवाज मला टेबलापलीकडं ऐकू येत होता. "कशापायी फोन केला? आमच्या पोरांच्या फोटूला जागा न्हाई न्हवं तुमच्याकडं?"

"अण्णा, भांडान मागनं करू, मी सोता येती भांडायला. एक बाळंतीन हाय दवाखान्यात. ओ निगेटिव्ह पायजे. तुमच्या वह्या काडा."

मग नुसता पानं उलटल्याचा आवाज. अण्णा पुटपुटत होते. "ओ पाझिटिव... ए... बी... थांबा वो बाई... ह्यो काय! आमच्या पेठातलाच. थांबा, आत्ता धाडतो गाडीवर."

अर्ध्या तासात पोरगं दवाखान्याच्या दारात. कडक इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल, खिशाला पेन, बुटाला पॉलिश. अण्णांनी घाईत एवढंच सांगितलं होतं की मंचरला बोलावलंय, लगेच नीघ. आणि अण्णांचा फोन म्हणजे पोरगी दाखवायलाच, असं समजून बिचारा तयार होऊन आला होता. आम्ही खरं सांगितलं. त्यानं एकदा शर्टाकडं बघितलं, बाही वर सारली आणि म्हणाला, "चला."

बाई वाचली. मुलगी झाली होती. कुंदाताई बाळंतिणीजवळ गेल्या नाहीत, दवाखान्याच्या पायरीवर बसून रडल्या. मग ऑफिसात येऊन प्रोग्राममध्ये लिहिलं: दहा मिनिटं थांब, मग सोड आणि पुढं बघ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या भाडेकरूंना पत्र लिहिलं. गेले दोन महिने मशीन बंद पडत होतं ती चूक माझ्या प्रोग्रामची होती, पेठच्या अण्णांची नव्हती, त्यांना विनाकारण काढलं याची माफी मागते. खाली फक्त त्यांचं नाव. मी म्हटलं, कशाला पाठवता, आता चालू झालंय ना? त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो. पत्र गेलं. तीन भाडेकरू सोडून गेले, चुलते वर येऊन म्हणाले, "त्या बाईला काढून टाक." मी काढलं नाही, आणि कितीतरी दिवस हाच माझा मोठेपणा असं स्वतःला सांगत राहिलो.

अण्णांना परत आणायला त्यांनी मला पेठला बरोबर नेलं. अण्णांनी चहा दिला, फोटो परत चढवले, विषय संपला. असं मला वाटलं.

पुढं दोन वर्षांनी पुण्यातल्या एका कंपनीनं कुंदाताईंना बोलावलं. त्यांना एका मशीनमध्ये बारा नाही, शंभर खोल्या पाडायच्या होत्या, आणि कर्नलच्या टिपणांचा हिशोब समजणारं माणूस हवं होतं. मी सोडायला मंचरच्या स्टँडवर गेलो. घरून ठरवून निघालो होतो: आज सांगायचं. ती नऊ-नऊ-नऊ मी भरली होती. एवढंच वाक्य. चहाच्या टपरीवर दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा "पुण्यात पाणी नीट असतं का?" असलं काहीतरी विचारलं.

गाडी लागली. त्यांचा एक पाय पायरीवर होता आणि फोन वाजला. दवाखाना. त्या पाय काढून खाली उतरल्या. कंडक्टर ओरडला, "बाई, येताय का ऱ्हाताय?" त्यांनी हातानंच जा म्हणून खुणावलं आणि माझ्याकडं वळल्या. "शेठ, गाडी काडा. शिनोलीच्या फाट्यावं रगत द्यायला पोरगं उबं हाय, त्याला गाडी न्हाई. घिऊन या पळत." एसटी धुरळा उडवून गेली. गाडी वळवताना मी मागं बघितलं. कुंदाताई आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसल्या होत्या, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, चष्मा कपाळावर, मांडीवर वही, आणि शिनोलीचा नाहीच आला तर म्हणून पुढच्या माणसाचा नंबर फिरवत होत्या. पोराला दवाखान्यात पोचवून मी स्टँडवर आलो तोवर त्या मागून आलेल्या गाडीनं गेल्या होत्या.

तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. रविवारी उठलो आणि पेठला गेलो. ज्याला काढलं त्याला आधी सांगायचं, असं ठरवलं. अण्णा ओट्यावर बायोडाटे लावत बसले होते. मी उभ्या-उभ्याच बोललो.

"अण्णा, तेव्हा मशीन बसत होतं ना, त्याची हद्द मी काढली होती. पुण्याच्या माणसानं नाही, मी. कुंदाताईंनी सगळं आपल्यावर घेतलं आणि मी गप्प बसलो."

अण्णांनी हातातले कागद खाली ठेवले. "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"तवापासनंच. मला न्यायला आला व्हता दोघं, तुमी गाडी सावलीला लावाय गेला. म्या इचारलं, समदी चूक तुमचीच का वो बाई? तर म्हनल्या, निम्मी. मंग निम्मी कुनाची? तर म्हनल्या, ती मी न्हाई सांगायची, ज्याची हाय त्यो सोताहून येऊन सांगंल तुमास्नी." अण्णांनी तांब्या माझ्यापुढं सरकवला. "मधनंमधनं फोन करायच्या. हिकडचं तिकडचं बोलायच्या आन् मंग हळूच इचारायच्या, शेठ आलं व्हतं का? परवा पुन्याला जाताना बी यष्टीतनं केला व्हता."

मी पाणी न पिता तिथंच ओट्यावर बसलो आणि पुण्याला फोन लावला.